मांडीवरचा कंदील

कावळा काही यायला तयार नव्हता.

बाराला घास ठेवला, आता एक वाजत आला, तरी पानावरच्या वड्याला कुणाची चोच लागली नव्हती. गच्चीवर कोंडाजीआप्पा हातात पाण्याचा तांब्या धरून, मोशीच्या आभाळाकडं तोंड करून 'काऽव, काऽव' करत होते. टाकीवरच्या कबुतरांनी सुरुवातीला माना वळवून त्यांच्याकडं पाहिलं होतं, एव्हाना तीही कंटाळली. ही बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी आप्पांचंच वावर होतं. बांधावर बाभळी होत्या आणि पितरांच्या पंधरवड्यात तिथं कावळ्यांची नुसती झुंबड उडायची. बिल्डरनं वावराच्या बदल्यात चार फ्लॅट दिले, लिफ्ट दिली, गच्चीवर रंगीत छत्र्याही दिल्या. कावळ्यांचं मात्र करारात काही लिहिलेलं नव्हतं.

खाली तिसऱ्या मजल्यावर जयमाला, आप्पांची थोरली सून, कढी तिसऱ्यांदा गरम करत होती. खीर, उडदाचे वडे, अळूवड्या, गवारभोपळ्याची भाजी, सगळं पहाटेपासून एकटीनं केलेलं. पण कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी घास उचलायचा नाही, हा थोरल्या आबांचा, म्हणजे आप्पांच्या वडलांचा नियम. आणि आज तिथ थोरल्या आबांचीच होती. नियम मोडायची कुणाची छाती!

सगळ्यात जास्त हाल चालले होते पाहुण्याचे. समर्थ गव्हाणे, गाडीच्या कंपनीचा माणूस, तिशीतला, सोफ्याच्या कडेला टेकून बसला होता. दहा मिनिटांचं काम म्हणून अकराला आला होता बिचारा. शालनबाईंनी, म्हणजे जयमालाच्या सासूबाईंनी, "पितराच्या दिवशी दारात आलेला माणूस उपाशी जात नस्तो," म्हणून त्याला बसवून घेतलं, आणि तेव्हापासून तो वड्यांचा वास घेत बसला होता. मघाशी त्याच्या पोटात असं काही गुरगुरलं की जयमालाच्या लेकीनं, तनुजानं, उठून पंखा मोठा केला.

टीपॉयवर त्यानं आणलेला कागद होता. जयमाला त्याच्याकडं बघत नव्हती, पण एकदाच वाचून तो तिला पाठ झाला होता. 'सदर अपघात चालक सौ. जयमाला शेखर बोऱ्हाडे यांच्या अतिवेगामुळे व बेपर्वाईमुळे झाला, हे आम्हांस मान्य आहे.' त्याखाली तिनं सही करायची. मग कंपनी नवीकोरी गाडी देणार, बोऱ्हाडे ग्राहक आयोगातला दावा मागं घेणार आणि पुन्हा कुणी कुठं तोंड उघडायचं नाही. तारीख बुधवारी होती.

"कर गं सही," शेखर स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाला. नवरा तसा साधा माणूस, भोसरीच्या कारखान्यात फोरमन, भांडणाचा वास आला की चप्पल घालून बाहेर पडणारा. "लोकं काय, चार दिवस बोलतात. नवी गाडी दारात आली की विसरतात."

"अकरा महिने झाले, विसरलेत का?" जयमालानं विचारलं. "तुम्ही तरी विसरलात का? घरच्या जुन्या गाडीची चावी अजून तुमच्याच खिशात असते."

शेखरनं नकळत खिशावर हात ठेवला.

जयमाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली होती. बोऱ्हाड्यांच्या घरात स्टिअरिंगला हात लावणारी ती पहिली बाई. आळंदी म्हणू नका, मंचरला माहेरी म्हणू नका, सासूला घेऊन दोन वर्षं फिरली, गाडीला ओरखडा नाही. आणि गेल्या नवरात्रात, घटस्थापनेच्या दिवशी, तळेगाव-चाकण रस्त्यावर महाळुंग्याच्या अलीकडं एक वासरू आडवं आलं. तिनं चाक वळवलं, आणि ती उंच, दांडगी 'गिरिराज' गाडी एका अंगावर उठली आणि रस्त्याकडेच्या सोयाबीनमध्ये चारी चाकं वर करून पडली. सासूबाईंचं गळ्याचं हाड मोडलं, तिच्या भुवईवर सहा टाके पडले. वासरू ठणठणीत राहिलं.

दाव्यात म्हटलं होतं, वळणावर तोल सावरायची जी यंत्रणा म्हणून कंपनी जाहिरातीत मिरवते, ती ह्या गाडीत चाललीच नाही. कंपनी म्हणत होती, गाडीतल्या यंत्रात वेग नव्वद नोंदलाय, नव्वदच्या वेगात कुठलीही गाडी उलटेल. जयमाला म्हणत होती, तीसच्या वर काटा गेलाच नव्हता. एवढ्या एका आकड्यावर सगळं अडलं होतं. आणि तो आकडा खरा करून दाखवायचा पुरावा ह्याच घरात होता. कुणाला सांगायची सोय नव्हती, एवढंच.

कारण त्या दिवशी शालनबाईंच्या मांडीवर कंदील होता, आणि कंदिलात देवीची ज्योत.

मोशीचं मंडळ दर नवरात्रात कार्ल्याच्या एकवीरेहून ज्योत आणतं. पळत. पायी. वाटेत ती खाली टेकवायची नाही की गाडीत घालायची नाही. ही पद्धत थोरल्या आबांनी पाडली, आणि आता आप्पा मंडळाचे अध्यक्ष. पण गेल्या वर्षीची पोरं तळेगावातच गळपटली. निम्मी कंपनीची रात्रपाळी करून आलेली, पायाला फोड आलेले. शालनबाईंना कळवळा आला. "आणा इकडं, मी मांडीवर घेते, मोशीच्या वेशीवर उतरून पळा," असं म्हणून त्यांनी ज्योत कंदिलात घेतली. पोरं मागच्या टेम्पोत झोपली. लोकांना दाखवायला म्हणून साहेबराव पैलवान, एकशे दहा किलोचा गडी, विझलेली मशाल हातात धरून जुन्या मोपेडवर पुढं. गाव आलं की तो मोपेड टेम्पोत चढवायचा आणि 'उदे गं अंबे' करत पळायचा, गाव संपलं की परत मोपेडवर.

अशा वेळी गाडी नव्वदनं कोण पळवेल? सासूबाई मिनिटामिनिटाला, "जयमाला, हळू! वात फडफडती गं!" म्हणून ओरडत होत्या.

गाडी उलटली तेव्हा ज्योत विझली. पट्ट्याला उलट्या लटकत शालनबाई पहिलं वाक्य बोलल्या ते, "काडी! कुणाकडं काडी हाय का?" साहेबरावाच्या खिशात विडी ओढायची काडेपेटी होती. तिच्यातल्या काडीनं देवीची ज्योत पुन्हा पेटली आणि मोशीत वाजतगाजत गेली. दवाखान्यात शालनबाईंनी सुनेचा हात धरला. "माझ्या गळ्याची आण हाय तुला. ह्यांना कळलं तर हे गावात त्वांड दाखवायचे न्हाईत." मोडक्या गळ्याची आण घातल्यावर जयमाला काय बोलणार? ती गप्प बसली. आणि आप्पा पारावर बसून सांगत सुटले, "सूनबाईनं गाडी पाडली. बाईमाणसाचा हात, काय करता!" तेव्हापासून जुन्या गाडीची चावी शेखरच्या खिशात गेली. आळंदीलासुद्धा जयमालाला बसनं जावं लागायचं.

"सगळी वर या रं!" गच्चीवरून आप्पांची हाक आली. "आबा कशावर तरी अडून बसल्यात. एकेकानं पुढं यिऊन काय राहिलं आसंल ते बोला!"

झालं. सगळं घर लिफ्टमध्ये कोंबलं. समर्थ गव्हाणेलाही तनुजानं ओढूनच घेतलं. "चला हो साहेब, तुमचंही काही राहिलं असेल." तनुजा वाकडला आयटी कंपनीत, जिभेला हाड नाही. लिफ्टमध्ये तिनं आईच्या कानाला लागून सांगितलं, "मम्मी, सही करायची नाही. गिरिराज उलटलेले आणखी चार जण मी शोधलेत. सगळे आपल्या केसकडं डोळे लावून बसलेत."

"पुरावा नाही बाळा," जयमाला म्हणाली. तेवढ्यात लिफ्टच्या आरशात तिची आणि दिराची नजरानजर झाली. रविराजनं लगेच मान खाली घातली. तो त्या दिवशी टेम्पोत पुढं बसून मोबाईलवर शूटिंग करत होता.

गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. आप्पांनी एकेकाला पानासमोर उभं केलं.

"आबा," शेखर म्हणाला, "तुमची विहीर बुजवली, त्याची माफी असावी."

कावळा नाही.

"आबा, मी मावा सोडतो," रविराज म्हणाला.

"आजपासून म्हन," आप्पांनी दम भरला.

"आजपासून."

तरी नाही. एक कबुतर उतरलं, त्याला आप्पांनी चप्पल दाखवली.

"अहो साहेब," शालनबाई समर्थकडं वळल्या, "ती नवी गाडी तुमी आत्ताच आणणार का? पितरात नवी वस्तू घेत्यात व्हय? त्यानंच आबा रुसलं असतील."

"न्हाई न्हाई आजी, दसऱ्याला आणू की!" समर्थ घाईनं म्हणाला. भुकेनं त्याची ऑफिसातली भाषा केव्हाच गळून पडली होती, लातूर जिल्हा बाहेर आला होता. "तुमी म्हणाल त्या मुहूर्ताला आणतो. मी तर नुसता कागद घेऊन आलोय हो."

"मग अडलंय कुठं?" आप्पांनी टोपी काढून घाम पुसला, परत घातली, आणि एकदम काहीतरी सुचल्यासारखे हात जोडून उभे राहिले. आवाज त्यांनी चांगला खणखणीत लावला. "आबा! ज्योतीची काळजी करू नगा. यंदाबी तुमच्या रीतीपरमानं ज्योत पायीच यील. गेल्या सालासारखी! भुईला न टेकता, गाडीत न बसता—"

"अवो गप बसा!" शालनबाई किंचाळल्या.

सगळे वळले. सासूबाईंचा पदर तोंडाशी गेला होता. जयमाला पटकन पुढं झाली. "आई, खाली चला. ऊन लागतंय तुम्हाला."

"ऊन न्हाई गं, पाप लागतंय!" त्यांनी सुनेचा हात झटकला आणि पानासमोर जाऊन मटकन बसल्या. "मामंजी, चुकलं माझं. गेल्या साली ज्योत गाडीत हुती. माझ्या मांडीवर, कंदिलात. पोरांच्या पायाला फोड आलं हुतं वो! आन् गाडी उलटल्यावर इझली ती. साहेबरावाच्या काडीनं पेटवली. सुनंला मीच गळ्याची आण घातली, ती बिचारी काय बोलली न्हाई."

आप्पांच्या हातातल्या तांब्यातलं पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं, त्यांना पत्ता नव्हता.

"साहेबरावाच्या काडीनं," ते म्हणाले. "इडी पेटवायच्या."

"व्हय."

"देवीची ज्योत!"

"मग काय झालं?" रडता रडता शालनबाईंना एकदम राग आला. "नऊ दिस जळली का न्हाई? देवीनं कुणाला वरबाडलं का? उलट गाडी पार भुईसपाट झाली तरी आमी दोघी जित्त्या बाहेर आलो. तिनंच राखलं की!"

आप्पा टाकीच्या कट्ट्यावर बसले. म्हातारा आता भडकणार, सणासुदीला घर डोक्यावर घेणार, आणि सगळं आपल्याच नावावर जमा होणार, असं जयमालाला वाटत होतं.

"काका," तनुजा रविराजकडं वळली. तिचं डोकं असल्या वेळी फार पटकन चालायचं. "तू टेम्पोत होतास ना? तू तर देवळात नारळ फोडला तरी शूटिंग करतोस. त्या दिवशीचं कुठंय?"

रविराजनं वहिनीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, बापाकडं बघायची हिंमत झाली नाही. "डिलीट करायचं होतं," तो पुटपुटला. "झालं नाही माझ्यानं."

"काढ," आप्पा म्हणाले.

सगळी डोकी त्या मोबाईलवर वाकली. आधी घोरणारी पोरं दिसली, एकाच्या तोंडावर मंडळाचा फेटा. मग समोरचा रस्ता, कंपन्यांच्या लांबच लांब भिंती आणि पुढं चाललेली गिरिराज, एखादी गाभण म्हैस चालावी तशी. डाव्या बाजूनं मोपेडवर साहेबराव आला. मोपेडचं मागचं चाक त्याच्या वजनानं पार दबलेलं, एका हातात विझलेली मशाल. तो हळूहळू गाडीच्या बरोबरीला आला, आत डोकावून शालनबाईंना काहीतरी बोलला, आणि गाडीच्या पुढं निघून गेला.

आप्पांचे खांदे हलले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा रडतोय.

"साहेब," ते समर्थला म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना, "ही गाडी नव्वदनं हाय? मग आमचा साहेबराव कितीनं चाललाय? त्याला पाठवा की कुटं तरी शर्यतीला!"

शेखर फस्सकन हसला. मग तनुजा, मग नाक पुसत शालनबाई. समर्थनं मोबाईल हातात घेतला, तेवढाच तुकडा परत पाहिला आणि घसा खाकरला.

"चाकं हवेत मोकळी फिरली की नोंद अशीच चढती," तो म्हणाला. "काकूंचा पाय उलटताना पेडलवर दाबला गेला असंल. मी हे बोलायला नको. पण मोपेड पुढं गेली म्हणल्यावर आता मी काय बोलू?"

अकरा महिने जयमाला एकटीच म्हणत आली होती तीस, तीस, तीस, आणि आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून, तेही कंपनीच्या माणसाच्या तोंडून, तिला तिचं खरं ऐकू आलं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण कढी गॅसवर राहिली की काय, हाही विचार मध्येच आला.

व्हिडिओ पुढं चालूच होता. वासरू आलं. गाडी वळली, एका अंगावर उठली, पडली. आप्पांचं हसू थांबलं. चाकं वर गरगरत होती. उलट्या खिडकीतून जयमाला रांगत बाहेर आली, अर्धं तोंड रक्तानं भरलेलं. ती बाजूला बसली नाही, की कपाळाला हात लावला नाही. तशीच वळली, परत खिडकीत घुसली आणि सासूला काखेत धरून बाहेर ओढायला लागली. शालनबाईंनी हातातला कंदील सोडला नव्हता.

आप्पा त्या दिवशी वेशीवर बँडवाल्यांना घेऊन उभे होते. त्यांनी ह्यातलं काहीच पाहिलं नव्हतं.

"आदी हिला काढलीस," ते म्हणाले. "रगात डोळ्यात चाललंय आन् परत आत गेलीस."

"आईंना निघता येत नव्हतं," जयमाला म्हणाली.

"आन् मी पारावर बसून..." ते उठले. सत्तरी ओलांडलेला तो आडदांड माणूस सगळ्यांदेखत सुनेपुढं उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "पोरी, चुकलो मी. अकरा म्हैने तुझी बदनामी केली. ज्योतीपायी न्हवं, माझ्या अध्यक्षपणापायी ही मला भेली. ह्यात खरा गुन्हेगार मीच निघालो की."

"आप्पा, असं काय करता! टोपी घाला आधी, ऊन किती आहे," जयमाला म्हणाली आणि मग मात्र तिला रडू फुटलंच. शालनबाई तर केव्हाच्या रडत होत्या.

"साहेब," आप्पा वळले, "त्यो कागद न्या परत. सूनबाई सही करनार न्हाई. बुधवारी आमी समदी पुण्याला आयोगात येतो. रव्या, हे शूटिंग तिथं लागंल."

"गिरिराज उलटलेल्या आणखी चार जणांनाही मी कळवते," तनुजा म्हणाली.

"पण आप्पा," रविराज म्हणाला, "आयोगात दाखवलं की गावाला कळणार. मंडळ काय म्हणेल?"

"मंडळाला मीच सांगतो. लोकांकडनं कळायच्या आदी. जेवलो की देवळात जातो."

"जेवण?" समर्थ पटकन म्हणाला, आणि बोललो ते बोललो म्हणून लाजला.

तेव्हा कुठं सगळ्यांना पानाची आठवण झाली. वडा नव्हता. खीर सांडलेली होती, आणि कठड्यावर एक काळाकुट्ट कावळा बसून चोच पुसत होता.

"आबा!" शालनबाईंनी हात जोडले.

"कवा आला रं ह्यो?" आप्पांनी विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

मग पंगत बसली. समर्थ गव्हाणेनं अकरा वडे खाल्ले. जाताना त्यानं कागद चार घड्या करून खिशात टाकला, शालनबाईंच्या पाया पडला आणि जयमालाला म्हणाला, "काकू, बुधवारी मी समोरच्या बाजूला बसलेलो असेन. राग धरू नका." जयमालानं त्याच्या पिशवीत अळूवड्यांचा डबा घातला. शालनबाईंना हे पटलं, पण डबा परत आणून द्यायचा, हे त्यांनी त्याला लिफ्टपर्यंत जाऊन बजावलं.

तीनच्या सुमाराला आप्पा धुतलेलं धोतर नेसून बाहेर आले. "शेखर, चावी," ते म्हणाले.

"चला, मी सोडतो देवळात." शेखर उठला.

"तू बस. कढी पिऊन पेंगाय लागलास." आप्पांनी त्याच्या हातातली घरच्या जुन्या गाडीची चावी घेतली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन, ओल्या हातांनी भांडी लावणाऱ्या जयमालापुढं धरली. "चल. मला देवळात ने."

जयमालानं हात पदराला पुसले. दोनदा पुसले. अकरा महिन्यांनी ती स्टिअरिंगमागं बसली, तेव्हा सीट शेखरच्या मापानं मागं सरकलेली होती, ती तिनं पुढं ओढली, आरसा नीट केला. शेजारी आप्पा बसले. पट्टा कसा लावायचा ते त्यांना जमेना, तिनं वाकून लावून दिला. बाल्कनीतून सासूबाई, शेखर, तनुजा, रविराज, सगळी ओळीनं वाकून बघत होती.

गेटातून गाडी बाहेर काढून तिनं सवयीनं हळूच डावी बाजू धरली. काटा वीसवर होता. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून पुढं गेला, त्यामागून एक सायकलवाला. मग आप्पांनी आपल्या मांडीवर दोन्ही हात पसरून तिला दाखवले.

"बघ," ते म्हणाले, "माझ्या मांडीवर कंदील न्हाई. पळव की जरा!"